वन्सं जिन्यात होत्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

काल मी एका पोलिसाला ढकललं. तो जिन्यावरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं.

हे लिहून मी त्या ओळींकडे नुसती बघत बसले. शिशुवर्गाला शिकवते मी. दिवसभर 'ढकलायचं नाही हं' हेच तर म्हणत असते.

जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर जो तो विचारतोय आणि सांगता सांगता माझंच मला वेगळं वाटायला लागलंय.

रविवारची सकाळ. मी ओट्यापाशी होते. नाना, म्हणजे माझे सासरे, दाराजवळच्या खुर्चीत. भाऊजी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन. या धाकट्या दिराला ताप आलाय असं मी समजत होते. शुक्रवारी त्यांच्या गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं आणि ते न थांबता घरी आले, हे मला काल पोलीस ठाण्यात कळलं.

दार वाजलं, नानांनी उघडलं. दोन माणसं, साध्या कपड्यांत. पुढच्या माणसाला मी लगेच ओळखलं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला मी गोष्टवाली म्हणते, कारण रोज सकाळी तिच्याकडे एक नवी गोष्ट असते. तिचे बाबा. तिला सोडायला पोलिसाच्या गणवेशातच येतात.

त्यांनी भाऊजींची चौकशी केली. नाना जन्मभर सरकारी भूमापक होते. आता त्यांना आमची नावं आठवत नाहीत, जेवलो की नाही तेही आठवत नाही, पण हद्द म्हणजे काय ते पक्कं आठवतं. दोन्ही हात चौकटीला टेकवून उभे राहिले. म्हणाले, "मोजणीची नोटीस दाखवा. त्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही."

मी आतून ओरडले, "अहो, त्यांना कळत नाही, थांबा, मी आले." तेवढ्यात मागचं दार वाजलं. भाऊजी गेले. तो आवाज ऐकताच गोष्टवालीचे बाबा पुढे घुसायला लागले. नाना हटेनात. त्यांनी नानांचा उजवा हात धरला, मागे पिरगाळला, नानांना बाहेर ओढून जिन्याच्या कठड्यावर दाबलं. नाना ओरडले. त्या आवाजाबद्दल मला लिहिता येणार नाही.

मी म्हटलं, "सोडा त्यांना." परत म्हटलं. त्यांनी सोडलं नाही. मग मी दोन्ही हातांनी त्यांना ढकललं.

वन्सं त्याच वेळी जिना चढत होत्या. माझी नणंद पलीकडच्याच गल्लीत राहते. खालच्या वळणावर त्या उभ्या होत्या आणि ते त्यांच्या पायाशी येऊन पडले. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. एवढ्या सगळ्यात तेवढंच एक बरं झालं.

मला ठाण्यावर नेलं. सरकारी कामात अडथळा आणि कामावरच्या पोलिसाला मारहाण, असं लिहिलंय. संध्याकाळी वन्संच्या यजमानांच्या ओळखीचे वकील आले आणि जामिनावर सोडवून घेऊन गेले. वन्संनी नानांना तोवर जेवू घातलं होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नानांच्या दंडावर बोटांचे वळ उठलेत, काळेनिळे. चार बोटं आणि मागे अंगठा, स्वच्छ दिसतात. मी डॉक्टरांकडे न्यायचं म्हणत होते. वन्सं म्हणाल्या, "नको गं बाई वहिनी. दवाखाना म्हटलं की नाना किती बिथरतात माहीत आहे ना? गेल्या वेळी त्यांनी नर्सला बांध आखून दिला होता, याच्या अलीकडे यायचं नाही म्हणून. मी मलम आणते." त्या स्वतः घेऊन आल्या आणि स्वतःच चोळून दिलं. इतक्या हळुवार हातानं की नानांना डुलकी लागली.

शाळेनं प्रकरण मिटेपर्यंत रजेवर राहायला सांगितलंय. मुख्याध्यापिका नीट बोलल्या. 'मिटेपर्यंत' असंच म्हणाल्या.

भाऊजींचा पत्ता नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

वकीलसाहेबांच्या कचेरीत गेलो, मी आणि वन्सं. भारदस्त माणूस. मागं पुस्तकांची भिंत, पुढं काचेचं टेबल, आणि खुर्ची अशी खोल की बसलं की आपण आपोआप लहान होतो.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "ढकललंत ना?"

मी म्हटलं, "हो, पण त्यांनी नानांचा—"

"पण मागाहून. ढकललंत. मग गुन्हा कबूल करून टाका. पहिलाच आहे, तुम्ही बाई आहात, शिक्षिका आहात. न्यायाधीश चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतील. दहा मिनिटांचं काम. लढायला गेलात तर दोन वर्षं खेटे घालाल आणि वर तुरुंगही होऊ शकतो. पोलीस खात्याशी वैर घेऊन कुणाचं भलं झालंय?"

मी बोलायच्या आत वन्संच म्हणाल्या, "कबूलच करायचं आहे, साहेब. वहिनींना कशाला तो मनस्ताप."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पण वन्सं, तुम्ही तर पाहिलंत." त्यांनी माझा हात हातात घेतला. "म्हणून तर म्हणते, लवकर संपू दे."

खरंच काळजी आहे त्यांना माझी. लग्न होऊन आले तेव्हा त्या कॉलेजात होत्या, माझ्या मागे मागे असायच्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ह्यांचा फोन आला. जहाज दोन दिवस बंदरात आहे. मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं तर म्हणाले, "छोटीनं सांगितलंय सगळं." वन्संना हे अजून छोटीच म्हणतात. मग म्हणाले, "ती म्हणते तसं कर. घरातलं घरात राहू दे. मी इतक्या लांबून काय करणार, तूच सांग."

मी नानांची विचारपूस करायला लावली, फोन नानांच्या कानाला लावला. नाना म्हणाले, "साहेब मोजणीला गेलेत, उद्या या."

दंडावरचे वळ हिरवट झालेत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज शाळेत गेले होते. मुख्याध्यापिकांना म्हटलं, हमीवर सुटणार आहे, मग येऊ ना? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "मारहाणीचा गुन्हा सिद्ध झाला, मग शिक्षा काहीही होवो, लहान मुलांच्या वर्गावर ठेवता येत नाही. नियमच आहे. तुम्हांला कुणी सांगितलं नाही?"

कुणीच सांगितलं नाही. वकीलसाहेबांना तर माहीतच होतं मी शिक्षिका आहे म्हणून.

घरी येताना वन्संकडे थांबले आणि सांगितलं की मी कबूल करणार नाही. त्या कपडे घड्या घालत होत्या. एकच टॉवेल त्यांनी तीनदा उलगडला. मग म्हणाल्या, "बघू."

वळ आता नुसते पिवळे आहेत. माहीत नसेल तर दिसायचेही नाहीत.

सोमवार, ३ मार्च

न्यायालयात पहिली तारीख. खोली अगदी साधी, शाळेच्या खोलीसारखीच, फक्त सगळे गप्प. वकीलसाहेब वेळेवर आलेच नाहीत. माझं नाव पुकारलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

मी म्हटलं, "नाही."

"तुमचे वकील?"

इकडेतिकडे बघितलं. वन्सं खाली बघत होत्या. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुम्हांला मोफत मदतीचे वकील देता येतील. हवेत?" मी हो म्हटलं. इतक्या सोप्या गोष्टीला हो म्हटलं आणि परत येताना वन्सं रस्ताभर एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी त्यांच्या फाटकाशी म्हणाल्या, "आम्ही एवढं केलं वहिनी, आणि तुम्ही परस्पर ठरवलंत." मला फार वाईट वाटलं. परस्पर ठरवलं हे खरंच आहे.

शुक्रवार, ७ मार्च

मोफत मदतीच्या वकीलबाई माझ्याहून खूप लहान आहेत. त्यांची कचेरी म्हणजे न्यायालयाच्या तळमजल्यावर लोखंडी कपाटांच्या मधली जागा. बोलता बोलता बिस्किटं खातात, मलाही देतात. पण पहिल्यांदा कुणीतरी मला बोलून संपवू दिलं.

मग त्यांनी समजावलं. मला समजलं तसं लिहिते.

म्हणाल्या, पोलिसाला धक्का मारला एवढ्यानं गुन्हा पुरा होत नाही. पहिली गोष्ट, तो पोलीस आहे हे तुम्हांला माहीत असायला हवं किंवा दिसायला हवं. "साध्या कपड्यांत होता. ओळखपत्र दाखवलं?"

"नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "मग झालं की. घरात घुसणारा अनोळखी माणूस, म्हाताऱ्या सासऱ्यांना धरतो. कुणीही ढकलेल."

मी म्हटलं, "पण मी ओळखत होते. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे."

बिस्किट हातातच राहिलं. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे."

त्यांनी लिहिलेली एक ओळ खोडली. मग म्हणाल्या, "मी तुम्हांला खोटं बोला असं सांगू शकत नाही आणि सांगणार नाही. फक्त हा सगळ्यांत सोपा रस्ता होता, तेवढं समजून घ्या."

दुसरं म्हणे, तो पोलीस त्या वेळी कायदेशीर काम करत होता का. वॉरंटशिवाय घरात शिरता येतं का, यावर मोठा कीस पडतो. आरोपी मागच्या दारानं पळतोय असं ऐकू आलं तर बहुतेक न्यायाधीश पोलिसाला माफ करतात. शिवाय नाना दारात नोटीस मागत होते, ते बरोबरच मागत होते, फक्त चुकीच्या खात्याची. दोघीही हसलो. त्या रविवारनंतर मी पहिल्यांदा हसले असेन.

मग त्या म्हणाल्या, उरतो खरा बचाव. दुसऱ्याला वाचवायला बळ वापरता येतं, समोर पोलीस असला तरी, जर तो गरजेपेक्षा जास्त जोर करत असेल. मात्र आपणही गरजेपुरतंच बळ वापरायचं. "म्हणजे दोन गोष्टी दाखवायच्या. त्यानं नानांना खरोखर दुखवलं. आणि ढकलण्याशिवाय तुम्हांला इलाज नव्हता. हाताचा डॉक्टरी दाखला?"

"मलम लावलं. आता काही दिसत नाही."

"फोटो?"

सुचलंच नाही.

"नाना सांगू शकतील?"

"त्यांना माझं नावही आठवत नाही."

"दुसरा पोलीस तर त्याच्याच बाजूनं बोलणार. आणखी कुणी होतं?"

"माझी नणंद होती ना. जिन्यातच. सगळं पाहिलंय त्यांनी."

"त्या बोलतील?"

"बोलतील म्हणजे काय? घरच्याच आहेत."

वकीलबाईंनी आणखी एक बिस्किट घेतलं आणि न खाता खाली ठेवलं. "दिरांच्या प्रकरणाचं काय झालं?" मी म्हटलं, अजून सापडलेले नाहीत. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

शनिवार, १५ मार्च

वन्संकडे जाऊन आले. फार अवघडल्यासारखं वाटत होतं, पण त्यांनी दारातच मिठी मारली. "तुमचा राग कसा धरीन मी?" म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले. चहा झाला. त्यांनी विचारलं, नव्या वकीलबाई काय म्हणतात. मी सगळं सांगितलं, मला जेवढं कळलं होतं तेवढं. दाखला नाही, फोटो नाही, सगळं तुमच्या साक्षीवर आहे, तेही सांगितलं.

"म्हणजे मी सोडून कुणीच नाही?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"मी आहे ना," म्हणाल्या. मला पोचवायला फाटकापर्यंत आल्या, शालीचं टोक नीट केलं.

किती दिवसांनी शांत वाटतंय.

शुक्रवार, २८ मार्च

भाऊजी परत आले! वाळलेत, दाढी वाढलीय. वन्सं आणि त्यांचे यजमान स्वतः त्यांना ठाण्यावर घेऊन गेले होते आणि दोन तासांत परतही आले. सायकलवाला अंधारात दिवा न लावता आडवा आला, असं पोलिसांनी लिहिलंय. तो बिचारा पायाला सळ्या घालून पडलाय म्हणतात. त्याचं वाईट वाटतं. पण भाऊजी सुटले, घरात एक तरी चांगलं झालं.

भाऊजी माझ्या नजरेला नजर देत नव्हते. जेवताना एकदम म्हणाले, "वहिनी, मला माफ करा." मी म्हटलं, "अहो, तुम्ही काय मुद्दाम उडवलंत का त्याला?" ते ताटावरून उठून गेले. अजून धक्क्यातच आहेत.

मंगळवार, १ एप्रिल

वकीलबाईंना भाऊजींची बातमी सांगितली. वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. त्या कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. "कधी? कोण गेलं होतं बरोबर?" मग म्हणाल्या, "तुमच्या नणंदेचं नाव सरकारी साक्षीदारांच्या यादीत आलंय. आपल्या नाही."

मी म्हटलं, "सरकारनं बोलावलं काय किंवा आपण बोलावलं काय, सांगायचं ते खरंच ना."

"तुम्ही त्यांच्याशी काय काय बोललात?"

"सगळं."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला नाही, पण मारल्यासारखा चेहरा केला. या वकील लोकांना सगळ्यांचाच संशय येतो. धंदाच तसा.

गुरुवार, १७ एप्रिल

गोष्टवालीच्या बाबांना बाजारात पाहिलं. हात अजून गळ्यात. डाव्या हातानं पिशवी सावरत होते. मुलगी नव्हती बरोबर. मला बघून ते थांबले, मीही थांबले. माझ्या मनात आलं, जाऊन विचारावं, हात दुखतो का. वकीलबाईंनी बजावलंय, त्यांच्याशी बोलायचं नाही. ते बहुधा त्यांनाही बजावलेलं असणार. दोघंही भाजीकडे बघत राहिलो आणि मग आपापल्या वाटेनं गेलो.

तो हात मी मोडला. कितीही बचाव सांगितले तरी ते खरंच आहे. बचाव म्हणजे माफी नव्हे, असं वकीलबाई म्हणतात. बचाव म्हणजे त्या क्षणी तुमचं बरोबर होतं. माझं बरोबर होतं असं मला वाटतं. पण त्यांना एका हातानं पिशवी उचलताना बघितलं की वाटेनासं होतं.

मंगळवार, ६ मे

आज साक्षी झाल्या. लिहायला हात चालत नाही. तरी लिहिते.

गोष्टवालीचे बाबा हाड जोडणाऱ्या डॉक्टरांकडे अडकले होते, म्हणून आधी वन्संना बोलावलं. निळी साडी नेसून आल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्याही थोडंसं.

सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही कुठे होतात?

"जिन्यात. खालच्या वळणावर."

"वर काय चाललं होतं ते दिसत होतं?"

"हो, स्वच्छ."

"पोलिसांनी तुमच्या वडिलांना हात लावला का?"

वन्संनी पाण्याचा घोट घेतला. "नाही. नुसते बोलत होते. समजावत होते."

"मग?"

"मग वहिनी आतून धावत आल्या आणि त्यांनी ढकललं."

मला वाटलं, त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नाही. मी अर्धवट उठलेसुद्धा, सांगायला. वकीलबाईंनी मला खाली बसवलं. त्यांनी वन्संना खूप विचारलं. मलम कशाला लावलं? "नानांच्या सांध्यांना नेहमीच लावते." भाऊजींचं प्रकरण कधी बंद झालं? सरकारी वकील उठले, याचा इथे संबंध नाही म्हणाले आणि न्यायाधीशबाईंनी मान्य केलं. वन्सं एकदाही अडखळल्या नाहीत. खाली उतरताना त्यांचा पाय घसरला, तेव्हा मीच धरायला हात पुढे केला. सवयीनं.

दुपारी गोष्टवालीचे बाबा आले. गणवेशात. त्यांनी सांगितलं, आरोपी पळत होता, म्हातारे गृहस्थ वाट अडवून होते, त्यांना बाजूला केलं.

वकीलबाई उठल्या. "बाजूला केलं म्हणजे कसं? हातानं?"

"हो."

"म्हणजे हात लावला होता."

 गोष्टवालीच्या बाबांचे साहेब मागच्या बाकावर बसले होते, त्यांनी एकदा घसा खाकरला. बाबांनी मागे पाहिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"धरला होता," ते म्हणाले. "मागे घेतला होता. थोडा पिरगाळला गेला. ते ओरडले."

खोलीत कुजबुज झाली. "आणि बाईंनी काही सांगितलं?"

"सोडा म्हणाल्या."

"किती वेळा?"

"दोनदा."

मी त्या माणसाचा हात मोडला आणि खरं तेवढं तोच बोलला. वन्सं तेव्हा बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं नाही. घाबरल्या असतील बिचाऱ्या, साक्षीच्या पिंजऱ्यात भल्याभल्यांना घाम फुटतो, असं मी मघापासून स्वतःला सांगतेय.

मंगळवार, १३ मे

आज मी पिंजऱ्यात. सरकारी वकिलांनी पहिलाच प्रश्न तो विचारला.

"ते पोलीस आहेत हे तुम्हांला माहीत होतं?"

वकीलबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, कागदाकडे बघत होत्या. नाही म्हटलं असतं तर त्यांनी काही केलं नसतं. मला शाळेची ती खोली दिसली, छोटे छोटे बूट ओळीनं लावलेले. मी म्हटलं, "हो. ओळखत होते."

"जोरात ढकललंत?"

"जोरात. ते दूर व्हायला हवे होते."

"मागे जिना आहे हे ठाऊक होतं?"

"आमचाच जिना आहे."

"तोंडानं सांगता आलं नसतं?"

"सांगितलं होतं. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं," ते म्हणाले आणि मागचे काहीजण हसले.  नाना ओरडत होते. तिसऱ्यांदा म्हणायला माणूस किती थांबतं?

सोमवार, १९ मे

गुन्हा सिद्ध.

न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या. त्यांनी निकाल हळू वाचला. पोलिसानं हात धरला असेल, पण पळणाऱ्या संशयिताच्या मागे जाताना तेवढं बळ कर्तव्यात बसतं. आरोपीच्या घरच्याच साक्षीदारानं कुणी वृद्धाला दुखवलं नाही असं सांगितलंय, आणि घरचं माणूस विनाकारण घरच्याविरुद्ध बोलत नाही. जिन्याच्या तोंडाशी ढकलणं गरजेपेक्षा जास्त. म्हणून दोषी. मात्र आरोपी खरं बोलली आणि पूर्वी काही नाही, म्हणून तुरुंग नाही. वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी.

घरचं माणूस विनाकारण बोलत नाही, या वाक्याला वकीलबाईंनी टेबलाखाली मुठी आवळल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अपील करू. मुदत तीस दिवसांची आहे. त्या पोलिसाचं एक वाक्य आपल्या हातात आहे. तुम्ही फक्त सही करा."

वन्संनी मला मिठी मारली. "सुटलात वहिनी! मी म्हटलं होतं ना, तुरुंग होणार नाही." सगळे माझं अभिनंदन करत होते. मीही आभार मानत होते.

मला त्यांना विचारायचं होतं. तोंड उघडलं की चहा घ्या, बसा, असंच काहीतरी निघतं.

सोमवार, २ जून

शाळेनं कळवलं. मुख्याध्यापिकांनी स्वतः येऊन सांगितलं, कागद पाठवला नाही. मी त्यांनाच पाणी दिलं, त्या इतक्या रडत होत्या.

रविवार, ८ जून

हे आले. घर भरल्यासारखं झालं. नानांनी त्यांना ओळखलं नाही, पण खुर्ची दिली बसायला.

मी अपिलाचं काढलं. हे बॅग उपसत होते. "आता कशाला पुन्हा तेच? तुरुंग तर नाही ना झाला. छोटीनं आधीच खात्री करून घेतली होती तशी."

"कुणाकडून?"

"अं?"

"खात्री कुणाकडून करून घेतली होती?"

"म्हणजे... वकिलांकडून. दुसरं कुणाकडून?" त्यांनी बॅग बंद केली आणि पुन्हा उघडली. मग माझ्याजवळ येऊन बसले. "हे बघ, धाकट्याचं आयुष्य उभं राहायचंय अजून. तू घरातली मोठी आहेस. तू समजून घेशील असं आम्हां सगळ्यांना वाटलं."

आम्हां सगळ्यांना. म्हणजे माझ्यावर विश्वास आहे सगळ्यांचा. हेच म्हणायचं असेल त्यांना. मी ते वाक्य मनात कितीदा तरी फिरवून बघितलं, आणखी काही निघू नये म्हणून.

बुधवार, १८ जून

हे परवा जहाजावर गेले. भाऊजींना दुसऱ्या गावात नोकरी लागली.

सकाळी वन्सं आल्या, ताजी फळं घेऊन. मी नानांना मऊ भात भरवत होते. हल्ली ते दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत, मी उठले तरी कासावीस होतात, म्हणून माझं डावं मनगट धरून बसतात. वन्सं समोर बसून सफरचंद चिरत होत्या.

"खरं सांगू वहिनी," त्या म्हणाल्या, "शाळा सुटली ते एका परीनं बरंच झालं. नानांना बाहेरची बाई ठेवायची म्हणजे मला धसकाच होता. आता तुम्ही आहात."

मी एक वाक्य जुळवत होते. किती दिवस जुळवतेय. 'वन्सं, तुम्ही जिन्यात होतात' असं ते सुरू होतं. पुढचं नीट जुळत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या टेबलावर होता. वकीलबाईच असणार, सहीचा आज शेवटचा दिवस. दोनदा निरोप ठेवला होता त्यांनी. मी उठायला गेले तर नानांनी मनगट घट्ट धरलं, घास तोंडातच होता.

"बसा तुम्ही, मी बघते," वन्सं म्हणाल्या आणि पदराला हात पुसून त्यांनी फोन उचलला. "हो, त्यांच्याच घरून बोलतेय. कामात आहेत त्या... नाही, नाही करायचं अपील. हो, विचारूनच सांगतेय, समोरच बसल्यात."

माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या, हो ना, अशा अर्थानं. मी "वन्सं—" म्हटलं आणि नानांना ठसका लागला. चेहरा लालबुंद. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठ चोळली, तोंडातलं बोटानं काढलं. त्यांचा श्वास मोकळा होईपर्यंत फोन ठेवला गेला होता.

"तुमच्या वतीनं सांगून टाकलं," वन्सं म्हणाल्या. "तुम्हांला कशाला तो मनस्ताप."

नानांनी पुन्हा तोंड उघडलं. मी पुढचा घास दिला.